न हललेलं पाणी

१

माझ्याकडे फोटो काढायला येणाऱ्याला आधी दोन शब्द ऐकावे लागतात, मग फोटो मिळतो. हनुवटी खाली घे. खांदे पाड. कॉलर बघ की जरा, घरात आरसा नाही का? तीस वर्षं हेच चाललंय. तरी लोक येतात, कारण गावात स्टुडिओ एकच आणि तो माझा. एक खोली, निळा पडदा, एक स्टूल, आणि परवापरवापर्यंत कोपऱ्यात लोखंडी स्टँड. कॅमेरा हलू नये म्हणून तीन पायांवर ठेवतात ना, तोच. मी वेल्डरच्या डोक्यावर बसून बनवून घेतलेला आहे. त्याला बैल बांधला तरी बैल दमेल.

मी शाळा चौथीत सोडली. सोडली म्हणजे मास्तरांच्या दिशेने पाटी फेकली, मग त्यांनीच सोडवली. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं, वाकडं तोंड करायचं नाही. जे झालं ते सांगतो.

मला एकच मुलगी. तिला आम्ही सगळे इंजिन म्हणतो. रांगायचं सोडून ही थेट पळायलाच लागली. कॅमेरा मीच तिच्या हातात दिला, आणि तिला कामही तसलंच मिळालं. पुलांची देखभाल करणारं एक ऑफिस आहे. पुलांना तडे जातात, त्या तड्यांचे दर महिन्याला फोटो काढायचे. तीच जागा, तीच उंची. म्हणजे तडा वाढला की नाही ते कळतं. एकटीने पाठीवर पिशवी घेऊन नदीकाठाने हिंडायचं. तीन महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार.

पहिल्या महिन्याचे सगळे फोटो परत आले. हललेले.

चूक माझी. मी माझा लोखंडी स्टँड तिच्या पाठीवर लादला होता. दुसऱ्या पुलाशीच तिने तो एका टपरीत ठेवून दिला आणि पुढचे सगळे फोटो हातात कॅमेरा धरून काढले. साहेब म्हणाले, आणखी एक संधी. परत हलले तर घरी बसा.

दोन दिवसांसाठी घरी आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"बाबा, मला पिशवीत मावेल असा छोटा ट्रायपॉड हवाय. हलका. पण न हलणारा."

"हलका आणि न हलणारा! उद्या म्हणशील, ओलं पाहिजे पण कोरडं."

"असतात तसे. तुम्हाला माहीत नाहीत."

"मला? मला माहीत नाही?" माझं डोकं सटकलं. "चल. आत्ता चल. मी निवडतो."

आतून बायको म्हणाली, "जा गं बाई, त्यांनी निवडल्याशिवाय ते जेवणार नाहीत."

२

शहरात कॅमेऱ्याचं एक दुकान आहे. गल्लीच्या टोकाला, अरुंद, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. मालकाच्या डोळ्यांवर एवढा जाड चष्मा, की तो तुमच्याकडे बघतोय की तुमच्यातून पलीकडे, कळत नाही. आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणतो.

त्याने तीन स्टँड काढून ठेवले. तिन्ही मिटले की हातभर लांब.

माझी स्टँड बघायची एक पद्धत आहे. पाय पूर्ण उघडायचे. वर फळीचा तुकडा ठेवायचा, त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. मग शेजारी जमिनीवर पाय आपटायचा आणि पाण्याकडे बघायचं. पाणी खोटं बोलत नाही.

"इथे नको हो," चष्मेवाला म्हणाला. "सगळं काचेचं सामान आहे."

"मग काय फुंकर मारून बघू?"

पहिला स्टँड. पाय पाच तुकड्यांचे, शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा. पाय आपटला, पाणी फळीवर सांडलं.

"हे बघ," मी इंजिनला म्हणालो. "मिटल्यावर छोटा व्हावा म्हणून पायाचे जास्त तुकडे करतात. मग खालचा तुकडा काडी होतो. काडीवर संसार होत नाही."

दुसरा जरा बरा. पण मधली दांडी वर केली की मान डोलवायचा, सासरी आलेल्या जावयासारखा. पाणी थरथरलं.

तिसरा काळा होता. कुठे नाव नाही, खूण नाही. वजन इतकं कमी, की हातात घेतल्यावर मला वाटलं एखादा भाग खाली राहिला. वर ग्लास ठेवला. पाय आपटला.

पाणी हललं नाही.

परत आपटला. जोरात. कपाटातल्या काचा खणखणल्या. चष्मेवाल्याने डोळे मिटले. पाणी हललं नाही.

तेवढ्यात बाहेरून खडीचा ट्रक गेला. अरुंद गल्ली ती, अख्खं दुकान हादरलं. काउंटरवरचा पेन घरंगळत खाली पडला. ग्लासातलं पाणी तसंच, काठोकाठ, गोठल्यासारखं.

"झालं!" मी ओरडलो. "हाच. बांध."

इंजिन टाळ्या वाजवत होती. मीही खूश. ज्याला अक्कल असेल तो म्हणाला असता, की बाबा रे, ट्रक गेल्यावर पाणी हलायला पाहिजे, स्टँड कसाही असो. पण मी तीस वर्षं न हलणारं पाणीच शोधत होतो. सापडल्यावर कोण शंका काढतो?

चष्मेवाला मात्र स्टँड उलटसुलट करून बघत होता.

"हा कधी आला?" तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, किंवा माझ्यातून पलीकडे बघून म्हणाला, "घेऊन जा."

३

घरी आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायची मला खुमखुमी. ओट्यावर स्टँड उभा केला, वर फळी, वर ग्लास. शेजारच्या गवंड्याला बोलावलं.

"मार उडी."

गवंडी चांगला पोत्यासारखा माणूस. त्याने उडी मारली. पाणी हललं नाही.

"आयला," गवंडी म्हणाला. "माझ्या भिंती पण एवढ्या घट्ट नसतात."

"ते गावाला माहीत आहे," बायको आतून म्हणाली.

खूप हसलो. मग जेवणाची हाक आली आणि ग्लास तसाच वर राहिला.

सकाळी बघतो तर ग्लास रिकामा. फळीवर एक थेंब नाही, खाली ओल नाही. ग्लास आतून कोरडा, पुसल्यासारखा.

"कावळ्याने प्यायलं असेल," बायको म्हणाली.

"तळापर्यंत? कावळ्याची चोच काय नळी आहे?"

"मग मांजर."

"मांजर त्या फळीवर चढेल आणि ग्लास पडणार नाही?"

"अहो, स्टँड चांगला आहे म्हणून तुम्हीच काल नाचत होतात ना? मग मांजर चढल्यावर नाही पडला. आता त्याचंही भांडण करा."

बोलणं बरोबर होतं. पण एक गोष्ट मनात राहिली. आमचा ओटा रस्त्याच्या बाजूला उतरता आहे. गोटी ठेवली तर पळते. काल स्टँड ठेवताना मी पायांची उंची कमीजास्त केली नव्हती, तीनही सारखे ठेवले होते. स्टँडच्या डोक्यावर, पातळी बघायला गवंड्याकडे असतो तसा बारीक बुडबुडा होता. तो आता बरोबर मधोमध होता. मी खाली वाकून पाय बघितले. रस्त्याकडचा पाय दोन बोटं लांब झालेला होता.

इंजिनने केलं असेल, म्हटलं. हुशार आहे पोरगी.

मी तिला विचारलं नाही. का विचारलं नाही ते आता कळतं.

४

दुपारी ओढ्यावरच्या छोट्या पुलाशी गेलो. त्यालाही एक तडा आहे, लहानपणापासून बघतोय. इंजिनने काठावर स्टँड लावला आणि फोटो काढला, तोही मुद्दाम पुलावरून ट्रॅक्टर जाताना. जागच्या जागी साहेबांना पाठवला.

उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं. "खिळ्याने ठोकल्यासारखा फोटो. असेच पाठवा."

आईशपथ सांगतो, पोरीने मला मिठी मारली. वयात आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, धूळ असेल.

मग मी फोटो हातात घेऊन बघितला. धंदाच तो, बघितल्याशिवाय राहवत नाही. तड्यातली वाळू मोजता येईल इतका साफ. पण चौकट चुकीची होती.

तीस वर्षांत मी एक शिकलोय. अमुक भिंग, अमुक पावलं, तर फोटोत किती मावतं, हे मला न बघता कळतं. स्टँड तड्यापासून बारा पावलांवर होता. मी स्वतः मोजली होती. फोटो आठ पावलांवरून काढलेला होता.

"तू पुढे गेलीस का?"

"नाही बाबा. तुम्ही शेजारीच होतात की."

स्टँड जिथे लावला होता तिथे होता. मातीत तीन पायांचे तीन गोल ठसे. बरोबर. मी चार पावलं पुढे गेलो. तिथे पाण्याची कड होती, चिखल. चिखलात तीन गोल ठसे. त्यांत पाणी भरत होतं. म्हणजे ताजे होते.

"काय झालं?" इंजिनने विचारलं.

तिचं तोंड महिनाभराने फुललं होतं. मी पायाने चिखल सारखा केला.

"काही नाही. बेडूक."

५

मी भित्रा माणूस नाही. रागीट माणसाला भ्यायला वेळच मिळत नाही. पण पोरगी दुसऱ्या दिवशी जाणार, नदीकाठाने एकटी हिंडणार, आणि पिशवीत हे. मला खात्री पाहिजे होती.

आल्यावर मी स्टुडिओत गेलो. बाहेर लख्ख ऊन, शेजारी रेडिओ लागलेला. मी दार लोटलं, स्टँड खोलीच्या या टोकाला लावला, त्याच्या पायांभोवती खडूने फरशीवर तीन गोल काढले. कॅमेऱ्यात सोय असते, बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघतो. बटण दाबलं आणि पडद्यासमोर स्टुलावर जाऊन बसलो. नजर स्टँडवर. म्हटलं, आता हल. माझ्या डोळ्यांदेखत हल, मग बघतो.

मोठ्याने मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार. दहा.

खट्.

स्टँड हलला नव्हता. पाय खडूच्या गोलांत बरोबर. मी सुस्कारा टाकला. मग उठता उठता ध्यानात आलं, की चारनंतर मी दहा म्हणालो होतो.

पाच ते नऊ कुठे गेले?

तेवढ्यात दार ढकलून बायको आली, हातात चहा.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार?"

"अहो, मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते. चारपर्यंत मोजलंत आणि हसायला लागलात. चांगलं पोट धरून. लग्नानंतर तुम्हाला एवढं हसताना मी ऐकलेलं नाही. म्हटलं, कोणी भला माणूस आलाय, चहा टाकावा. चहा झाला तरी तुमचं हसणं संपेना."

चहा व्हायला किती वेळ लागतो? दहा सेकंदांत होत नाही.

"मी काही बोललो का?"

"पाठवतो की, म्हणालात. दोनदा. 'पाठवतो की, पाठवतो की.'" तिने कप स्टुलावर ठेवला. "कोणाला काय पाठवताय?"

ती गेल्यावर मी फोटो बघितला. फोटोत फक्त माझं तोंड होतं, कानापासून कानापर्यंत. इतक्या जवळून, की गालावरचा चामखीळ नखाएवढा दिसत होता. मी हसत होतो. सगळे दात, डोळ्यांत पाणी. आणि नजर कॅमेऱ्यात नव्हती. जरा वर होती. फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे आपण बघतो, तशी.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? माझा तेवढा चांगला फोटो आजवर कोणी काढलेला नाही.

६

चहा तसाच ठेवून मी स्टँड उचलला आणि तडक मळ्याच्या विहिरीकडे निघालो. रस्ता सरळ, ऊन डोक्यावरून उतरलेलं. वाटेत ठरवून टाकलं. विहिरीत टाकायचा, घरी सांगायचं हरवला, पोरीला दुकानातला दुसरा स्टँड घेऊन द्यायचा, जावयासारखी मान डोलवणारा. डोलवू दे. साहेबांच्या पाया पडीन. मी कोणाच्या पाया पडत नाही, पण पडीन.

विहिरीच्या काठावर उभा राहिलो. स्टँड डोक्यावर धरला. आत पाणी काळंभोर.

एक, म्हणालो. दोन. तीन. चार.

मग मी घराच्या फाटकात होतो. सूर्य डोंगराला टेकलेला. खांद्यावर स्टँड, पुसून चकाचक केलेला, पुसायला वापरलेला माझाच रुमाल माझ्याच हातात. आणि मी शिट्टी वाजवत होतो. चांगली, सुरात.

मला शिट्टी येत नाही.

"वा बाबा!" इंजिन ओट्यावरून ओरडली. "आज स्वारी खुशीत!"

"तुझ्या बाबांना काहीतरी झालंय," बायको म्हणाली. "राहू दे तसंच. डॉक्टरला दाखवलं तर बरे होतील."

७

सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ग्लास, ठसे, फोटो, विहीर. ती पिशवी भरत होती. दोन जोड कपडे, चपला, खाऊचा डबा. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मला वाटलं, पटलं.

"बाबा, तुम्ही दमलात," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त टेन्शन आलंय."

"टेन्शन गेलं खड्ड्यात! तो स्टँड नेऊ नको म्हणतोय ना?"

"मग कोणता नेऊ? तुमचा लोखंडी? तो टपरीवाल्याने केव्हाच त्याच्या ताडपत्रीला टेकू लावलाय."

"हातात धर कॅमेरा."

"म्हणजे फोटो हलतील. मग मी घरी बसते. मग काय करू? तुमच्या स्टुडिओत लोकांना हनुवटी खाली घ्या म्हणत बसू?"

बस, घरी बस, असं म्हणायचं होतं. पण काल ओढ्यावर तिचं तोंड कसं झालं होतं, ते आठवलं. शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसला.

"साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?" ती हळू बोलली. "मला कोणी पहिल्यांदा चांगलं म्हटलंय, बाबा. तुम्ही तर कधी म्हणत नाही."

बायको दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जा."

"मनापासून?"

"जा म्हटलं ना! बस चुकेल."

ती नाचतच निघाली. तिची कॉलर नेहमीप्रमाणे एका बाजूने वर उभी. लहानपणापासून तशीच, किती वेळा ओरडलो. पिशवीच्या बाहेर स्टँडचे तीन काळे पाय निघालेले होते. ती वळणावर पोहोचली तेव्हा मला आठवलं, की दुकानात तो मिटल्यावर हातभर होता. पिशवीत पूर्ण मावायला पाहिजे होता.

मागे बायको म्हणाली, "पाठवलीत ना शेवटी?"

तिला काही म्हणायचं नव्हतं. साधं बोलली. मला मात्र स्टुडिओतलं 'पाठवतो की' आठवलं.

८

दोन महिन्यांत पोरगी कायम झाली. साहेबांनी सगळ्या ऑफिसला तिचे फोटो दाखवले म्हणे. पगार वाढला, ऑफिसने बूट दिले. दर आठवड्याला ती स्वतःचा एक फोटो पाठवते, दहा सेकंदांचं बटण दाबून काढलेला. मागे पूल, पुढे ती, तोंडभर हसणारी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. नजर कॅमेऱ्याच्या जरा वर.

मी पावलं मोजतो. सवय. एका फोटोत ती पुलाच्या खांबाशी उभी होती, खांबाला पाणी लागलेलं. मी हिशोब लावला. कॅमेरा नदीच्या मधोमध पाहिजे. तिथे पुरुषभर पाणी असणार.

फोन लावला. ती चालत होती, बुटांचा आवाज येत होता.

"स्टँड कुठे लावला होतास?"

"काठावर, बाबा. रोजच्यासारखा."

"एकटीच आहेस?"

"एकटीच. मजेत आहे. खरंच, एवढी मजेत मी कधीच नव्हते."

मला बोलायचं पुष्कळ होतं. पण काय बोलणार? मग नेहमीसारखं भांडण काढलं. "सगळ्या फोटोंत हनुवटी वर करून उभी राहतेस. लहानपणापासून बाप ओरडतोय, त्याचा काही उपयोग? आणि ती कॉलर!"

ती हसली. "बरं, बाबा. ठेवते."

तिच्या लक्षात राहणार नाही, हे मला माहीत होतं. आजवर कधी राहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी फोटो आला. हनुवटी बरोबर जागेवर, दोन बोटं खाली. मी गिऱ्हाइकाला लावतो तशी. कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी, इस्त्री केल्यासारखी. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. हनुवटीच्या खाली चिखलाचे ठिपके होते. बारीक, गोल. तीन. एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

तो फोटो मी चौकटीत घालून स्टुडिओत लावलाय, निळ्या पडद्याशेजारी. का लावला, मला विचारू नका. काढून टाकावा म्हणून रोज उठतो. गिऱ्हाइकं म्हणतात, काय गोड हसतेय हो मुलगी. आणि तुम्हीही बदललात, ओरडत नाही आता. गवंडी तर म्हणाला, तुझ्या शिव्या ऐकल्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटत नाही, अर्धे पैसे परत दे.

पोरगी खुशाल आहे. पुढच्या महिन्यात येते म्हणते, मग त्याच्या पुढच्या. मी दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसतो, चहा घेतो, तिच्या फोटोकडे बघतो. मनात ठरवलेलं असतं, आज मोजायचं नाही. पण जीभ ऐकत नाही. एक. दोन. तीन. चार.

मग चहा गार झालेला असतो, वर साय धरलेली, आणि माझे गाल हसून हसून दुखत असतात.

काल बायको दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या हातातला टॉवेल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. पण आवाज नेहमीचाच, चेष्टेचा.

"अहो, परत पाठवतो पाठवतो म्हणत होतात," ती म्हणाली. "जरा जपून. आता घरात मी एकटीच उरले आहे."